आधी कोठीची खोली, मग हॉल
साध्या, मोकळ्या घराविषयी आमच्या ग्राहकांसाठी चार गोष्टी

टिळकवाडीतला फ्लॅट असो, शहापूरच्या गल्लीतलं जुनं घर असो की खानापूरकडचा नवा बंगला, आमच्याकडे घराची आतली सजावट करून घ्यायला येणारी मंडळी हल्ली मोबाईलमधला एक फोटो दाखवतात. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाचं टेबल, एक कुंडी आणि बाकी मोकळी जागा. "अस्संच पाहिजे." ही स्कँडिनेव्हियन शैली आम्हालाही मनापासून आवडते. म्हणूनच काम घेण्याआधी ती कुठून आली आणि बेळगावच्या हवेत तिचं काय होतं, हे सांगायला हवं.

तिकडचा उजेड, इकडचा उजेड

स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या सातेक अंशच वर येतो. मिळेल तो उजेड घरभर फिरावा म्हणून तिथे भिंती पांढऱ्या, पडदे कमी. लाकूड फिकट, कारण बर्च आणि पाइन तिथल्याच रानातले. फिनलंडच्या आल्व्हार आल्टो यांनी १९३३ साली बर्चचं लाकूड वाकवून तीन पायांचं स्टूल केलं, ते एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवता येतं. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांच्या १९४९ च्या खुर्चीची बैठक आजही कागदी दोरीने हाताने विणतात. बाज विणलेली पाहिलेल्या माणसाला त्यातली मेहनत वेगळी सांगावी लागत नाही.

आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारचा सूर्य पन्नास अंशांवर असतो, आणि मे व ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अगदी डोक्यावर येतो. त्या उजेडात पांढरीशुभ्र भिंत डोळ्यांना टोचते. आम्ही ताकासारखा, किंचित पिवळसर रंग सुचवतो. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा आणि सुती पडदा हवाच.

त्यात आपला पाऊस. सुरुवातीच्या एका कामात आम्ही ओल न तपासताच पश्चिमेची भिंत पांढरी केली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर काळी बुरशी चढली आणि ती भिंत आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केली. तेव्हापासून आधी गळती आणि ओल बघतो, नवा गिलावा महिनाभर वाळू देतो, मगच रंगाचा डबा उघडतो. कपाटं भिंतीला चिकटवत नाही, मागे हवेला दोन-तीन इंच सोडतो. शक्य तिथे फर्निचरला पाय ठेवतो. ही रीत तिकडचीच, पण इथे जास्त उपयोगाची आहे: खालून केरसुणी फिरते आणि वाळवीची माती लागलीच दिसते.

तुमचं सामान आम्ही टाकायला लावत नाही

फोटोतल्या घरात तांदळाची पोती नसतात. वर्षाची चटणी, पापड-सांडगे, पाहुण्यांच्या गाद्या, आईची पितळेची भांडी, गौरी-गणपतीचं सामान, यांपैकी काहीच नसतं. आपल्या घरात ते असतं, आणि असायलाच हवं. ज्या घरात शेतावरचा तांदूळ येतो, सणाला वीस माणसं जेवतात, तिथे "निम्मं सामान काढून टाका" हा सल्ला आम्हाला पटत नाही.

म्हणून आमचं काम कोठीच्या खोलीपासून सुरू होतं. पहिल्या भेटीत आम्ही माळे उघडून पाहतो, सामानाची यादी करतो, सगळ्यात मोठ्या पातेल्याचा व्यास मोजतो. पोत्यांसाठी जमिनीपासून वीतभर उंच चौथरा आणि वर लाकडी फळ्या, वरच्या सामानाला कडप्प्याचे कप्पे, हवेसाठी जाळीची खिडकी. रोजचं हाताच्या उंचीवर, वर्षातून एकदाच लागणारं वर. एवढं नीट बसलं की हॉल आपोआप मोकळा होतो, तिथे आम्हाला फारसं काही करावंच लागत नाही.

फ्लॅटमध्ये कोठी नसते. तिथे एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत, दोन फूट खोल कपाट करतो आणि त्याला भिंतीचाच रंग देतो. दोन फूट गेले म्हणून वाईट वाटतं, पण चार सुटी कपाटं हलली की खोली आधीपेक्षा मोठी दिसते.

हॉलमधली एक भिंत गणपतीसाठी राखतो, जवळ विजेचा पॉइंट देतो. मखर उतरलं की तिथे एक लांब बाक पुरे. देव्हारा दाराआड लपवायचा आग्रह आम्ही धरणार नाही.

लाकूड, फरशी, दिवे

सिंकखाली आयएस ७१० (भारतीय मानक) छापाची, पाणी सोसणारी मरीन प्लाय, इथे काटकसर नको. जुनं घर पाडत असाल तर सागवानी तुळया विकू नका. त्यांचं जेवणाचं टेबल होतं, वरून फक्त तेल द्यायचं. रबरवूड फिकट आणि स्वस्त आहे, मात्र प्रक्रिया केलेलंच घ्या, नाहीतर भुंगा लागतो. शहाबादी फरशी शाबूत असेल तर घासून पॉलिश करू, उपटू नका. तिच्यावर नवलगुंदचा जमखाना किंवा जाड कांबळं अंथरलं तर परदेशी गालिच्याची आठवण येणार नाही. छत दहा फुटांचं असेल तर पीओपीचं खोटं छत टाळा, अर्धा फूट उंची उगाच जाते. दिवे पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे, आणि एका झगझगीत दिव्याऐवजी तीन-चार ठिकाणी लहान लहान.

फोटोतले सोफे फार बुटके असतात. घरात आजी-आजोबा असतील तर बैठक सतरा-अठरा इंच उंच आणि हात असलेली हवी, त्यांना उठताना आधार लागतो. ही उंची आम्ही त्यांना बसवूनच ठरवतो.

पहिल्या भेटीला घरातली सगळी माणसं असू द्या, स्वयंपाक करणारी व्यक्ती तर नक्कीच. आम्ही येणार म्हणून माळे आवरून ठेवू नका, आहेत तसेच दाखवा.