विटांच्या जुन्या भिंतीतले केमिकल अँकर: चाचणी कोणाला लागते, कागद कोणते

भूकंपात विटांची जुनी भिंत मजल्यापासून सुटून बाहेर कोसळते. ते टाळायला भिंतीत भोक पाडून, इपॉक्सीसारखे रसायन भरून आटेदार गज बसवतात आणि तो मजल्याला जोडतात; हाच केमिकल अँकर. रसायनाच्या कंपनीचे प्रमाणपत्र परवान्याच्या अर्जाला जोडले की झाले, असे बऱ्याच जणांना वाटते. पण प्रमाणपत्र रसायनाचे असते, तुमच्या भिंतीचे नाही. विटांमधला चुना भुसभुशीत असेल तर रसायन शाबूत राहते आणि गजाबरोबर वीटच बाहेर येते.

म्हणून बसवलेला अँकर खेचून त्याची पकड तपासतात. ही चाचणी लागते ती लोखंड नसलेल्या भारवाहक भिंतीत, जिथे अँकर आतच संपतो तिथे. आरपार जाऊन बाहेर पट्टी लावलेला बोल्ट रसायनाच्या पकडीवर अवलंबून नसतो. अमेरिकेच्या जुन्या इमारतींच्या संहितेत अशा भिंतींसाठी वेगळे परिशिष्ट आहे. आरपार न जाणाऱ्या नव्या बोल्टांपैकी 5 टक्के थेट खेचून आणि आणखी 20 टक्के टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने पिळणाऱ्या पान्याने) तपासावेत, असे ते सांगते. तुमच्याकडचे प्रमाण परवाना देणाऱ्या कार्यालयाकडूनच घ्या.

अर्जासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा नकाशा हवा. त्यात प्रत्येक अँकरला क्रमांक, भिंतीत शिरलेली खोली आणि त्याच्यावर धरलेला भार असावा. शिवाय चाचणीची पद्धत, अँकर खेचणारा जॅक व भार दाखवणारा गेज अचूक असल्याचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि रसायनाचा बॅच क्रमांक व मुदत. रसायनाची मान्यता विटांच्या बांधकामासाठी आहे ना, हे आधी वाचा. फक्त काँक्रीटसाठीची चालत नाही.

चाचणीच्या जागा ठेकेदाराने निवडू नयेत. तो चांगलीच जागा दाखवणार! मऊ विटेत ड्रिलचे ठोके (हॅमर) बंद ठेवून भोक पाडावे, हवा-ब्रश-हवा अशी धूळ काढावी. थंडीत रसायन घट्ट व्हायला जास्त वेळ लागतो, तेवढा द्यावा. जॅकचे पाय अँकरला चिकटून ठेवले तर तेच भोवतालची वीट दाबून धरतात आणि आकडा फुगतो. त्याच परिशिष्टात नव्या अँकरसाठी जॅकचे पाय आणि अँकर यांतले अंतर अँकर भिंतीत शिरलेल्या खोलीच्या किमान 75 टक्के ठेवले आहे.

अहवालात नुसता भार पुरेसा नाही. गज ताणला, रसायन सुटले की वीट निघाली, हे फोटोसह लिहावे, कारण उपाय त्यावरच ठरतो. आणि हे सगळे गिलावा चढण्याआधी. झाकलेला अँकर तपासायला पुन्हा भिंत फोडावी लागते.