गोव्याचा डिसेंबर आणि लिस्बनचा एप्रिल

३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत दोन परराष्ट्रमंत्र्यांनी एका करारावर सह्या केल्या. भारतातर्फे यशवंतराव चव्हाण, पोर्तुगालतर्फे मारिओ सुआरिश. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे भारताचे प्रदेश आहेत, हे पोर्तुगालने त्या कागदावर मान्य केले. पणजीत तिरंगा फडकून तेव्हा तेरा वर्षे उलटली होती, आणि एवढा सगळा काळ लिस्बनच्या राज्यघटनेत गोवा पोर्तुगालचा प्रांत म्हणूनच नोंदलेला होता.

आपल्याकडे गोवामुक्तीची गोष्ट १९ डिसेंबर १९६१ ला संपते. सीमेवर पत्रादेवीला गोळीबारात पडलेले हुतात्मे, सत्याग्रही, मग लष्करी कारवाई, आणि पडदा. लिस्बनमध्ये मात्र त्या दिवशी एक वेगळीच गोष्ट सुरू झाली आणि ती २५ एप्रिल १९७४ पर्यंत चालली. आफ्रिकेतली तीन युद्धे, पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या हुकूमशाहीचा शेवट आणि पाच नवी राष्ट्रे त्या गोष्टीत येतात. गोव्याला तिच्यात एखाद्या ओळीपेक्षा पुष्कळ मोठी जागा आहे, असे मला वाटते.

पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. रिकामी तिजोरी सावरायला १९२८ मध्ये कुइंब्रा विद्यापीठातला एक प्राध्यापक अर्थमंत्री म्हणून बोलावला गेला. त्याचे नाव आंतोनियु सालाझार. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि पुढल्याच वर्षी त्याने नवी राज्यघटना आणली. पक्ष एकच, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, गुप्त पोलिसांचे जाळे. या राजवटीचा कणा वसाहती हा होता. चिमुकला, गरीब पोर्तुगाल आफ्रिकेपासून तिमोरपर्यंत पसरलेला आहे म्हणून मोठा आहे, असे शाळेतल्या नकाशांवरून मुलांना शिकवले जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड एकेक करून मागे सरकू लागले. सालाझारने तोडगा काढला तो शब्दांचा. १९५१ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून ‘वसाहती’ हा शब्दच काढला आणि त्यांना ‘सागरपार प्रांत’ म्हटले. वसाहतीच नाहीत, तर सोडायचे काय? पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता आणि अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता, त्यामुळे ही शब्दांची हातचलाखी पचून गेली. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालबरोबरच्या संयुक्त निवेदनात गोव्यासाठी ‘प्रांत’ हाच शब्द येऊ दिला. पत्रादेवीच्या गोळीबाराला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

सालाझारसाठी १९६१ हे वर्ष वाईट उजाडले. जानेवारीत अंगोला या आफ्रिकेतल्या वसाहतीत, कसांजे खोऱ्यात, सक्तीच्या कापूस लागवडीविरुद्ध शेतकरी उठले आणि त्यांच्यावर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले. फेब्रुवारीत लुआंडाच्या तुरुंगावर हल्ला झाला, मार्चमध्ये उत्तर अंगोला पेटला आणि दोन्ही बाजूंनी भयानक कत्तली झाल्या. एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्री बोटेल्यू मोनिश यांनी सालाझारला हटवायचा प्रयत्न केला. तो फसला. त्यांच्याबरोबर पद गेलेल्यांत कोश्ता गोमिश नावाचा एक अधिकारी होता, तो पुढे पुन्हा भेटेल.

त्याच एप्रिलमध्ये पोर्तुगीज वसाहतींतल्या स्वातंत्र्यवाद्यांनी कासाब्लांका येथे संयुक्त संघटना उभी केली. गोव्यातल्या बार्देशात जन्मलेले आकीनु द ब्रागांसा तिच्या कामात होते. ऑक्टोबरात दिल्लीत भरलेल्या परिसंवादात आफ्रिकेतल्या नेत्यांनी भारताकडे आग्रह धरला की गोव्याबाबत पाऊल उचला, त्याने आमचीही वाट मोकळी होईल. नेहरूंचा निर्णय होण्यामागे इतर कारणेही होतीच, पण हा आवाज आपल्या आठवणीतून पुसला गेला याचे मला वाईट वाटते. गोवा ही त्या लोकांना आपल्याच लढ्याची एक आघाडी वाटत होती.

भारतीय सैन्य सीमेवर जमू लागले तेव्हा गोव्याचे गव्हर्नर जनरल होते व्हासालु इ सिल्व्हा, पेशाने लष्करी इंजिनीअर. त्यांच्याकडे तीन-साडेतीन हजार सैनिक, जुनी शस्त्रे आणि लढाऊ विमान एकही नाही. १४ डिसेंबरला सालाझारचा संदेश आला: तह नाही, युद्धकैदी नाहीत, पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एक तर विजयी असतील, नाही तर मृत. त्याला युद्ध जिंकायचे नव्हतेच. जगाला दाखवायला हौतात्म्य हवे होते, आणि त्यासाठी पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, पोरांबरोबर गोव्यातली गावेही होरपळली असती तरी त्याची तयारी होती.

व्हासालु इ सिल्व्हा यांनी ते केले नाही. पूल उडवले गेले, मुरगावच्या बंदरात ‘आफोंसु द आल्बुकेर्क’ ही युद्धनौका एकाकी लढली, पण १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नरांनी शरणागतीवर सही केली. दोन्ही बाजूंची जीवितहानी थोडक्यात राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत भारताविरुद्धच्या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो ठराव पडला.

तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी गोव्यातल्या छावण्यांत मे १९६२ पर्यंत अडकून होते. लिस्बनला परतल्यावर त्यांच्या वाट्याला स्वागत आले नाही, संशय आला. चौकशी झाली आणि मार्च १९६३ मध्ये व्हासालु इ सिल्व्हा यांच्यासह काही अधिकारी सैन्यातून काढले गेले. निर्णय सरकारचा, खापर सैनिकांवर. पोर्तुगीज लष्कराने ही जखम विसरली नाही.

तोवर युद्धे वाढत गेली. अंगोलापाठोपाठ १९६३ मध्ये पोर्तुगीज गिनी, १९६४ मध्ये मोझांबिक. प्रत्येक पिढीतली तरुण मुले दोन-दोन वर्षे आफ्रिकेच्या जंगलांत पाठवली जात. ते टाळायला आणि पोटापाण्यासाठी लाखो लोक फ्रान्सकडे निघून गेले, कित्येक तर रात्री डोंगर ओलांडून. ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला इजा झाली आणि मार्सेलु काएतानु पंतप्रधान झाले. जुलै १९७० मध्ये मरेपर्यंत सालाझारला आपणच सत्तेवर आहोत असे भासवले जात होते.

आपला एक माणूस या काळात लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्याच्या तुरुंगात होता. सांगलीचे मोहन रानडे, आझाद गोमंतक दलाचे क्रांतिकारक. १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, मग पोर्तुगालला नेले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात चळवळ झाली, सुधीर फडके त्यात पुढे होते, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. चौदा वर्षांतली शेवटची सात तर अशा भूमीसाठी भोगली, जी आधीच स्वतंत्र झालेली होती.

गिनीत युद्ध हातचे जात होते. तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांचा जानेवारी १९७३ मध्ये खून झाला, तरी त्यांच्या पक्षाने सप्टेंबरात स्वातंत्र्याची घोषणा केली. तिथले पोर्तुगीज गव्हर्नर, जनरल श्पिनोला यांनी आधीच वाटाघाटी सुचवल्या होत्या. काएतानु यांचे उत्तर होते की वाटाघाटींपेक्षा गिनीत लष्करी पराभव पत्करलेला बरा, कारण वाटाघाटींचा पायंडा अंगोला-मोझांबिकलाही लागू पडेल. अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. पुन्हा गोवा होणार, हरायला आपल्याला पाठवणार आणि हरलो म्हणून आपल्यालाच शिक्षा करणार. याच सुमारास, १९७३ मध्ये, तात्पुरत्या भरतीच्या अधिकाऱ्यांना झटपट बढती देणारा हुकूम निघाला आणि कायम सेवेतले कॅप्टन चिडून एकत्र आले. बढतीच्या तक्रारीसाठी भरलेल्या बैठका काही महिन्यांतच राजवट उलथण्याच्या बैठका झाल्या.

२५ एप्रिल १९७४ च्या मध्यरात्रीनंतर रेडिओवर बंदी असलेल्या गायकाचे एक गाणे लागले. तो इशारा होता. सांतारेंहून कॅप्टन साल्गेरू माया आपल्या चिलखती गाड्या घेऊन लिस्बनला पोहोचले आणि काएतानु जिथे आश्रयाला गेले होते त्या कार्मू बराकीला वेढा पडला. रहिवाशांनी घरात राहावे, असे रेडिओ सांगत होता, पण लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत लाल कार्नेशनची फुले खोचली. संध्याकाळी काएतानु शरण आले. त्या दिवशी गुप्त पोलिसांनी मात्र जमावावर गोळ्या झाडून चार जणांचा जीव घेतला. दोन दिवसांत काशियशचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर पडले.

त्यानंतरचे वेगात घडले. आधी श्पिनोला आणि सप्टेंबरअखेर कोश्ता गोमिश राष्ट्राध्यक्ष झाले, १९६१ चे तेच कोश्ता गोमिश. जुलैमध्ये वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क मान्य झाला, सप्टेंबरात गिनीला मान्यता मिळाली, आणि डिसेंबरात सुआरिश दिल्लीला आले. तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. १९७५ मध्ये मोझांबिक, केप व्हर्द, साओ तोमे आणि अंगोला स्वतंत्र झाले.

सुटका सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. अंगोलाचे यादवी युद्ध २००२ पर्यंत चालले, मोझांबिकचे १९९२ पर्यंत. पूर्व तिमोरवर डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने आक्रमण केले आणि त्याला २००२ पर्यंत वाट पाहावी लागली. मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार झालेले आकीनु द ब्रागांसा ऑक्टोबर १९८६ मध्ये त्यांच्याच विमान अपघातात गेले. बार्देशचा हा मुलगा गोव्यात आजही फार थोड्यांना माहीत आहे.

क्रांतीनंतर व्हासालु इ सिल्व्हा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्याला आले, आणि ज्या गोव्यासाठी त्यांना मरायला सांगितले होते, तिथल्या लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.