शेवंतीला कळ्या येत नाहीत? आधी बाल्कनीतला लाईट बघा

दिवाळीच्या सुमारास बाजारात शेवंतीच्या कुंड्या कळ्यांनी गच्च भरलेल्या असतात आणि आपल्या घरची शेवंती मात्र नुसती पानं काढत उंच होत बसते. मग कोण म्हणतं शेणखत घाल, कोण म्हणतं जागा बदल. पण पणजी-म्हापशाच्या फ्लॅटांमधे बऱ्याचदा खरी भानगड असते ती कुंडीवर रात्रभर जळणाऱ्या लाईटची.

शेवंती आणि नाताळात लाल होणारं ते पॉइनसेटिया, ही झाडं रात्र किती लांब आहे ते बघून फुलायचं ठरवतात, रात्र पुरेशी लांब झाली की कळी धरतात. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मधे तंबाखू, सोयाबीन वगैरेवर प्रयोग करून दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा संबंध दाखवला, रात्रच महत्त्वाची हे नंतर कळलं. गोव्यात जूनमधे दिवस साधारण 13 तासांचा, डिसेंबरात सव्वाअकरा.

आता रंगाचं. पानात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, त्याच्यावर 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते चालू होतं, 730 च्या गडद लालने, जो आपल्याला जेमतेम दिसतो, परत बंद. अंधारात ते आपोआप हळूहळू बंद होत जातं. 1952 मधे अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला लेट्यूसच्या बियांवर लाल, गडद लाल, परत लाल असे आळीपाळीने झोत मारले, तर बी रुजणार की नाही ते फक्त शेवटच्या झोतावर ठरलं! शेवंतीचं फुलणंही याच बटणावर चालतं, रात्री मधेच थोडा वेळ लाल प्रकाश मिळाला तरी रात्र मोडली आणि झाड कळी धरत नाही. पिवळसर एलईडीत लाल भरपूर असतो, त्यामुळे रात्रभर चालू ठेवलेला आकाशकंदील ऐन कळी धरायच्या दिवसांत नडतो, त्यात कागद लाल असेल तर विचारूच नका. बेंगळुरूकडचे शेतकरी हेच मुद्दाम करतात, रात्री शेवंतीच्या शेतात बल्ब लावून फूल लांबवतात.

वाढीचं गणित वेगळं. निळ्याने झाड बुटकं, भरलेलं राहतं, गडद लाल जास्त झाला की सावलीत असल्यासारखं लांबुळकं होतं. ऑनलाईन मिळतात ते जांभळे ग्रो लाईट, झाडं वाढवायचे दिवे, म्हणजे लाल अधिक निळा, कारण हरितद्रव्य हेच दोन रंग जास्त शोषतं. पण हिरवा काय फुकट जात नाही, तो पानात खोलवर जातो. मला विचाराल तर साधा पांढरा एलईडी घ्या, जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय का मावा लागलाय काही कळत नाही. पावसाळ्यात दिवसा लावा, पण शेवंतीसाठी ऑक्टोबरपासून संध्याकाळी सातला बंद, आणि पॉइनसेटियाला तर संध्याकाळी पाच ते सकाळी आठ खोका उपडा घाला, आठ-दहा आठवडे, रोज.

गुलाबाला या रात्रीच्या हिशोबाशी काही देणंघेणं नाही, दिवसा ऊन मिळालं की झालं, तेव्हा कंदिलाखाली कुंडी ठेवायचीच असेल तर त्याची ठेवा.