खुनाच्या अपिलात पुरावा पुन्हा पाहतात का?

‘सेशन्स कोर्टाने खुनात जन्मठेप दिली की पुरावा संपला, वर फक्त कायद्याची चूक बघतात’ असं खानापूर-निपाणीकडे सर्रास ऐकू येतं. हे खरं नाही. सर्वोच्च न्यायालय सहसा पुराव्याच्या तपशिलात शिरत नाही, त्यावरूनच हा समज झाला असावा. पण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढचं पहिलं अपील वेगळं असतं. तिथे साक्षी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल नव्याने तपासतात. पुरावा दोष सिद्ध करायला अपुरा वाटला तर सुटकाही होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१५ आणि ४२७ वाचून खात्री करा. जन्मठेपेविरुद्ध मुदत ६० दिवस. तुरुंगातूनही अर्ज जातो. आणि आपल्यासाठी फार मोलाचं: कलम ४०४ नुसार आरोपीला निकालाची प्रत मोफत मिळते, शक्य असेल तर मराठीतही मागता येते.