'टोयोटाची हायरायडर मारुतीच्या ग्रँड विटारापेक्षा जास्त मायलेज देते'

2022 पासून हे ऐकू येतंय. स्ट्राँग हायब्रिडपुरतं (पेट्रोल इंजिनासोबत चाकं फिरवणारी विजेची मोटरही असलेल्या मॉडेलपुरतं) बोलायचं तर त्यात तथ्य नाही. दोन्ही गाड्या कर्नाटकात बिडदीच्या टोयोटा कारखान्यातच तयार होतात. 1490 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ई-सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), लिथियम-आयन बॅटरी सगळं एकच. लाँचच्या वेळचा कंपनीचा आकडाही दोघींचा लिटरला 27.97 किमी. वेगळं आहे ते मुख्यतः रूप आणि लोगो.

मग एकाला लिटरला 20 किमी आणि दुसऱ्याला 22 कसं मिळतं? बहुतेकदा मोजण्यातच गडबड असते. समजा, आधीची टाकी एक लिटर कमी भरली गेली. 220 किमीनंतर 10 ऐवजी 11 लिटर पेट्रोल बसतं आणि 22 चे थेट 20 होतात. हीच चूक 770 किमी चालवून केली, तर आकडा 21.4 येतो. म्हणून टाकी जवळपास रिकामी होऊ द्या, पंप आणि नोझल तेच ठेवा, पहिल्या ऑटो-कटला (नोझल आपोआप बंद होतं तेव्हा) थांबा. पंपावरच्या माणसाच्या 'राउंड फिगर करू का साहेब?' याला ठाम नाही म्हणा. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा तुलनेला घेऊ नका.

उरलेला फरक रस्त्याचा. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत थंड इंजिन गरम व्हायलाच पेट्रोल खातं. ताशी 110 ने एक्सप्रेसवेवर ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे ब्रेक लावताना बनणारी वीज बॅटरीत परत फारशी येत नाही. खंडाळा घाट उतरताना उलटंच: एवढीशी बॅटरी लवकर भरते आणि उरलेला उतार फुकट जातो.