सोव्हिएत आणि अमेरिकी अंतराळ कार्यक्रम : यश आणि सुरक्षितता

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुतनिक-१ कक्षेत गेला तेव्हापासून डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित होईपर्यंत दोन्ही महासत्तांचे अंतराळ कार्यक्रम समांतर चालले. त्यांची तुलना बहुधा दोन याद्यांवर होते : कोणी काय पहिल्यांदा केले आणि कोणाची किती माणसे गेली. दोन्ही याद्या खऱ्या आहेत, पण नुसत्या वाचल्या तर दिशाभूल करतात. पहिल्या यादीत सोव्हिएत पुढे दिसतात, तरी चंद्रावर माणूस उतरवला तो अमेरिकेने. दुसरीत अमेरिकेचे मृत्यू जास्त भरतात, पण प्रक्षेपणतळांवर मेलेली सोव्हिएत माणसे त्या यादीत येतच नाहीत. अमेरिकेचे स्पेस शटल २०११ पर्यंत उडत राहिले. सुरक्षिततेचा हिशेब त्याच्याशिवाय अपुरा राहतो, म्हणून तेही या नोंदीत घेतले आहे.

आरंभीची आघाडी

सोव्हिएत आघाडीचे मूळ एका लष्करी गरजेत होते. सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह यांचे आर-७ क्षेपणास्त्र सुमारे ५ टनांचा अण्वस्त्रगोळा अमेरिकेपर्यंत नेण्यासाठी आखले होते. अमेरिकेची अण्वस्त्रे तोवर हलकी होत गेली, त्यामुळे तिची क्षेपणास्त्रेही लहान राहिली. शस्त्र म्हणून आर-७ अवजड आणि गैरसोयीचे ठरले, पण उपग्रह सोडायला तेच उत्तम होते. स्पुतनिक-१ चे वजन ८३.६ किलो होते. ३१ जानेवारी १९५८ रोजी गेलेला अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ जेमतेम १४ किलोचा होता. मात्र पृथ्वीभोवतीचे व्हॅन ॲलन प्रारणपट्टे सापडले ते याच १४ किलोंमुळे. मानवी यानांतही हाच फरक दिसतो. सोव्हिएतांचे व्होस्तोक सुमारे पावणेपाच टनांचे होते, तर अमेरिकेचे मर्क्युरी दीड टनाच्याही आत.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. व्होस्तोकची कुपी गोल होती आणि तिचा गुरुत्वमध्य एका बाजूला ठेवला होता, त्यामुळे वातावरणात शिरताना ती कोणत्याही नियंत्रणाशिवाय आपोआप योग्य बाजूने वळे. ही रचना अडाणी वाटते, पण तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. जमिनीवर हळुवार उतरण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती. म्हणून गागारिन सुमारे ७ किलोमीटर उंचीवर आसनासह बाहेर फेकले गेले आणि स्वतःच्या पॅराशूटने उतरले. विक्रमाच्या नियमांनुसार वैमानिक यानातच उतरणे आवश्यक असल्यामुळे ही गोष्ट बरीच वर्षे दडवली गेली.

पुढच्या दोन ‘पहिल्या’ कामगिऱ्यांना तर घाईगर्दीच म्हणावे लागेल. ऑक्टोबर १९६४ मध्ये व्होस्खोद-१ मधून तिघे गेले. व्होस्खोद म्हणजे व्होस्तोकच, फक्त त्यातले फेकआसन काढून दाटीवाटीने तीन आसने बसवलेली. अंतराळ पोशाखांना जागा उरली नाही, म्हणून तिघे साध्या कपड्यांत बसले. उड्डाणाच्या सुरुवातीला रॉकेट बिघडले असते तर सुटकेचा मार्गच नव्हता. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर सुमारे १२ मिनिटे तरंगले. निर्वात पोकळीत पोशाख फुगून ताठ झाला आणि परतीच्या नळकांड्यात शिरता येईना. शेवटी त्यांनी पोशाखातला दाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवला, तेव्हा कुठे आत येता आले. परतताना स्वयंचलित यंत्रणा निकामी झाली, यान पेर्मच्या जंगलात उतरले आणि दोघांनी दोन रात्री बर्फात काढल्या.

त्यानंतर एप्रिल १९६७ पर्यंत एकही सोव्हिएत माणूस अंतराळात गेला नाही. याच काळात अमेरिकेच्या जेमिनी यानांची दहा मानवी उड्डाणे झाली. वर्तमानपत्री मथळ्यांच्या दृष्टीने ती फिकी होती, पण चंद्रावर जायला लागणारी सगळी कसबे त्यांतून हाती आली : दोन यानांची भेट आणि जोडणी, यानाबाहेरचे काम, दोन आठवड्यांचा मुक्काम. तीही निर्धोक नव्हती. मार्च १९६६ मध्ये जेमिनी-८ चा एक लहान प्रणोदक (यान वळवणारे छोटे इंजिन) सुरूच राहिला आणि यान सेकंदाला जवळपास एक फेरा घेऊ लागले. नील आर्मस्ट्राँग यांनी परतीसाठी राखलेले प्रणोदक वापरून ते सावरले, मोहीम अर्धवट टाकली आणि यान खाली आणले.

चंद्र : सॅटर्न-५ आणि एन-१

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी चंद्राचे उद्दिष्ट मे १९६१ मध्ये जाहीर केले. सोव्हिएत नेतृत्वाने मानवी चंद्रावतरणाला मंजुरी दिली ती ऑगस्ट १९६४ मध्ये, म्हणजे तीन वर्षे उशिरा. शिवाय काम एका हाती नव्हते. कोरोल्योव्ह आणि दुसरे रचनाकार चेलोमेई यांची कार्यालये एकमेकांशी स्पर्धा करत होती. इंजिनांचे जाणकार ग्लुश्को यांचे इंधनाच्या निवडीवरून कोरोल्योव्हशी बिनसले, म्हणून एन-१ या सोव्हिएत चंद्ररॉकेटाची इंजिने विमान-इंजिने करणाऱ्या कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे गेली. जानेवारी १९६६ मध्ये कोरोल्योव्ह शस्त्रक्रियेदरम्यान वारले.

दोन रॉकेटांमधला खरा फरक चाचणीच्या पद्धतीत होता. सॅटर्न-५ या अमेरिकी चंद्ररॉकेटाच्या पहिल्या टप्प्यात पाच प्रचंड एफ-१ इंजिने होती. एवढ्या मोठ्या ज्वलनकक्षात दाबाच्या लाटा उठून इंजिन फुटत असे. अभियंत्यांनी चालू इंजिनात मुद्दाम छोटे बाँब फोडले आणि लाट सेकंदाच्या दहाव्या भागात शमेपर्यंत इंधन-फवाऱ्याची रचना बदलत नेली. त्यानंतर प्रत्येक टप्पा जमिनीला जखडून पूर्ण वेळ पेटवून पाहिला जाई, मगच तो तळावर पोचे.

एन-१ च्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिने होती आणि तो अखंड टप्पा पेटवून पाहण्याइतका मोठा चाचणीमंच बांधलाच नव्हता. इंजिनांच्या काही झडपा एकदाच उडणाऱ्या, स्फोटक प्रकारच्या होत्या. त्यामुळे एकदा चालवलेले इंजिन पुन्हा वापरता येत नसे. सहा इंजिनांच्या गटातली दोन तपासायची आणि ती चालली तर उरलेली चार रॉकेटला लावायची, असा प्रघात पडला. परिणामी पहिली खरी चाचणी म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणच. १९६९ ते १९७२ दरम्यान चार उड्डाणे झाली आणि चारही पहिल्या टप्प्यातच फसली. ३ जुलै १९६९ च्या दुसऱ्या उड्डाणात एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला, नियंत्रण यंत्रणेने जवळजवळ सगळी इंजिने बंद केली आणि इंधनाने भरलेले रॉकेट मंचावरच कोसळले. शिखरावरची मानवविरहित कुपी मात्र सुटका रॉकेटने सुखरूप बाजूला नेली. अपोलो-११ त्याच महिन्यात चंद्रावर उतरले. सॅटर्न-५ ची तेराही उड्डाणे झाली. काहींत इंजिने मध्येच बंद पडली, स्कायलॅब स्थानकाचे चढताना नुकसान झाले, पण रॉकेट एकदाही फुटले नाही.

अपोलोच्या सहा मोहिमांनी सुमारे ३८२ किलो चांद्रखडक आणले. सोव्हिएत लुना मालिकेतल्या तीन स्वयंचलित यानांनी आणलेली माती मिळून अर्धा किलोही भरत नाही. तरीही चंद्रावर यंत्रगाडी चालवण्याचा पहिला मान सोव्हिएत लुनोखोद-१ कडेच (नोव्हेंबर १९७०) जातो.

ग्रहांच्या बाबतीत वाटणी स्पष्ट आहे. शुक्र सोव्हिएतांचा : व्हेनेरा-७ ने १९७० मध्ये पृष्ठभागावरून संदेश पाठवला, व्हेनेरा-१३ तिथल्या भट्टीत १२७ मिनिटे टिकले. मंगळ त्यांना कधी लाभला नाही. डिसेंबर १९७१ मध्ये उतरलेले मार्स-३ काही सेकंदांतच गप्प झाले, तर अमेरिकेच्या व्हायकिंग-१ ने १९७६ पासून वर्षानुवर्षे काम केले. गुरूपलीकडचा सगळा प्रदेश अमेरिकेच्या पायोनियर आणि व्हॉयेजर यानांचा. दीर्घ वास्तव्याचा अनुभव मात्र सोव्हिएतांकडे जमला. १९७१ चे साल्युत-१ हे जगातले पहिले अवकाशस्थानक, आणि १९८६ पासूनच्या मीर स्थानकावर माणसे सलग वर्षभर राहिली.

माणसे कशामुळे गेली

यानातील हवा ही दोघांच्या विचारातली पहिली मोठी तफावत. सोव्हिएत यानांत पृथ्वीसारखीच, समुद्रसपाटीच्या दाबाची नायट्रोजन-ऑक्सिजन हवा असे. अमेरिकनांनी वजन वाचवण्यासाठी एक-तृतीयांश दाबाचा शुद्ध ऑक्सिजन निवडला. कक्षेत तो बऱ्यापैकी निर्धोक होता, मेख होती ती जमिनीवरच्या चाचणीत. तिथे कुपीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाबाचा शुद्ध ऑक्सिजन भरत. २७ जानेवारी १९६७ रोजी अशाच चाचणीत अपोलो-१ मध्ये ठिणगी पडली. नायलॉनची जाळी आणि वेल्क्रो भराभर पेटले. दार आत उघडणारे होते आणि आगीने वाढलेल्या दाबामुळे ते हलेना. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघेही गेले. त्यानंतर बाहेरच्या बाजूला काही सेकंदांत उघडणारे दार आले, मंचावर असताना नायट्रोजन मिसळलेली हवा आली आणि ज्वलनशील साहित्य हटवले गेले.

मार्च १९६१ मध्ये व्हॅलेंटिन बोंदारेन्को हे सोव्हिएत उमेदवार ऑक्सिजनयुक्त चाचणीकक्षात भाजून वारले होते. ही बातमी १९८६ पर्यंत दडवली गेली. ती वेळेवर कळती तर अपोलो-१ टळले असते, असे नेहमी म्हटले जाते. हे पटत नाही. अमेरिकेच्या स्वतःच्या चाचणीकक्षांतही १९६२ मध्ये शुद्ध ऑक्सिजनमुळे आगी लागल्या होत्या. माहिती हाताशी होती, ती मनावर घेतली गेली नाही.

सोयूझ-१ या नव्या सोव्हिएत यानाची गोष्ट उतावळेपणाची आहे. आधीच्या मानवविरहित चाचण्यांपैकी एकही धड पार पडली नव्हती : एक यान परतताना नष्ट करावे लागले, एकाचे रॉकेट मंचावर जळाले, एकाच्या उष्णताकवचाला भोक पडून ते अरल समुद्राच्या बर्फावर उतरले. तरीही एप्रिल १९६७ मध्ये व्लादिमीर कोमारोव्ह यांना पाठवले. एक सौरपंख उघडलाच नाही, म्हणून मोहीम आवरती घेतली. उतरताना मुख्य पॅराशूट पेटीतून बाहेर आले नाही आणि राखीव पॅराशूट आधीच्या लहान पॅराशूटमध्ये गुंतले.

सोयूझ-११ चे तिघे (दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह, पात्सायेव्ह) जून १९७१ मध्ये साल्युत-१ वर २३ दिवसांची मोहीम करून परतत होते. यानाचे भाग वेगळे करणारे स्फोटक बोल्ट एकामागून एक उडायचे, ते एकदम उडाले. त्या धक्क्याने हवेचा दाब समान करणारी झडप १६८ किलोमीटर उंचीवरच उघडली. ही झडप जमिनीपासून काही किलोमीटरवर उघडायची असते. ती हाताने बंद करायला जवळजवळ मिनिट लागे, आणि निर्वातात शुद्ध राहते ती दहा-पंधरा सेकंद. झडप अर्धवट फिरवलेली सापडली. कुपी स्वयंचलितपणे अगदी नीट उतरली. बचाव पथकाने दार उघडले तेव्हा तिघे आसनांत मृत होते. पोशाख घातलेले असते तर ते वाचले असते, पण पोशाखांसह तिघे मावत नव्हते. पुढे सोयूझमध्ये दोघेच जाऊ लागले, तेही हवेचा दाब राखणाऱ्या सोकोल पोशाखात. तिसरे आसन १९८० च्या सुधारित सोयूझ-टी मध्येच परत आले. तेव्हापासून एकही माणूस सोयूझमध्ये दगावलेला नाही.

याचे मोठे श्रेय शिखरावरच्या सुटका रॉकेटला आणि उंचीवरही वेगळ्या होऊ शकणाऱ्या कुपीला आहे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोयूझचे रॉकेट मंचावर पेटले. आगीत तारा जळाल्याने नियंत्रण कक्षाला हाताने आज्ञा द्यावी लागली. कुपी उडाली आणि काही क्षणांत रॉकेटचा स्फोट झाला. तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह वाचले. १९७५ मध्ये तर टप्पे नीट सुटे न झाल्याने कुपी २० जी हून जास्त (म्हणजे गुरुत्वाच्या वीसपटीहून अधिक) मंदन सोसून अल्ताई पर्वतात उतरली होती.

शटलला असे काही नव्हतेच. पहिल्या चार उड्डाणांनंतर फेकआसनेही बंद केली. घन इंधनाचे बूस्टर (बाजूला जोडलेली साहाय्यक रॉकेटे) एकदा पेटले की जळून संपेपर्यंत काहीच करता येत नसे. त्यांच्या सांध्यांतली सुमारे ७ मिलिमीटर जाडीची रबरी वलये वायूने झिजतात, हे १९८१ च्या दुसऱ्या उड्डाणापासून दिसत होते. थंडीत रबर ताठरते म्हणून बूस्टरच्या अभियंत्यांनी १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण नको, असे आदल्या रात्री सांगितले. त्यांच्याच व्यवस्थापनाने ते फिरवले. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी तापमान २ अंशांच्या आसपास होते. ७३ सेकंदांनी चॅलेंजर शटल तुटले आणि सात जण गेले. २००३ मध्ये कोलंबिया शटल गेले त्यामागचा नमुना तोच होता. बाह्य टाकीचा फेस निखळून यानाला लागतो, हे वर्षानुवर्षे माहीत होते. पाऊण किलोच्या तुकड्याने डाव्या पंखाची कडा फोडली. कक्षेत असताना छायाचित्रे घेण्याची अभियंत्यांची विनंती वरिष्ठांनी पुढे जाऊ दिली नाही. कल्पना चावलांसह सात जण परतताना मरण पावले.

मोजणीचा प्रश्न

उड्डाणातले मृत्यू धरले तर सोव्हिएत ४, अमेरिकी यानांतले १४. शटलच्या १३५ उड्डाणांपैकी २ गेली. प्रवासी धरले तर ८५२ आसनांमागे १४ मृत्यू. शटल सात जणांना नेई, म्हणून एका अपघातात सात जात. अपोलो-१ आणि बोंदारेन्को जमिनीवरचे, म्हणून ते या आकड्यात नाहीत.

जमिनीवरचे मृत्यू धरले की चित्र उलटे होते. ऑक्टोबर १९६० मध्ये बायकोनूर प्रक्षेपणतळावर आर-१६ क्षेपणास्त्राचा दुसरा टप्पा माणसे काम करत असतानाच पेटला. क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेदेलिन यांच्यासह किमान ७० जण गेले, आणि नेदेलिन विमान अपघातात वारल्याचे जाहीर झाले. हे क्षेपणास्त्र होते, अंतराळ रॉकेट नव्हे, असा आक्षेप घेता येतो. पण मार्च १९८० मध्ये प्लेसेत्स्क प्रक्षेपणतळावर उपग्रहाचे व्होस्तोक रॉकेट भरताना फुटले आणि ४८ जण ठार झाले, तिथे ती पळवाट नाही. दोष कामगारांवर ढकलला गेला. पुढल्या वर्षी तसाच प्रसंग थोडक्यात टळला, तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गाळणीतील चुकीचा धातू विघटन घडवतो हे कळले. अमेरिकी तळांवरही माणसे मेली. मार्च १९८१ मध्ये नायट्रोजन भरलेल्या कोलंबियाच्या मागील कप्प्यात गुदमरून कामगार दगावले. पण एका वेळी एवढ्या संख्येने कधी नाही.

भारताशी संबंध

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून साल्युत-७ वर गेले. त्यांचे उड्डाण-अभियंता गेन्नादी स्त्रेकालोव्ह, म्हणजे सहा महिन्यांपूर्वी जळत्या मंचावरून सुटलेल्या दोघांपैकी एक. इन्सॅट-१सी उपग्रहाबरोबर शटलमधून भारतीय तज्ज्ञ पाठवण्याचेही ठरले होते. चॅलेंजरनंतर ती योजना रद्द झाली आणि इन्सॅट-१सी १९८८ मध्ये युरोपच्या आरियान रॉकेटने गेला.