तंबाखू न खाणाऱ्यालाही घशाचा कर्करोग होऊ शकतो

‘तंबाखू, विडी-सिगारेट आणि दारूच्या वाटेला न जाणाऱ्याला घशाचा कर्करोग होतच नाही’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण आपल्याकडे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे मोठे कारण आजही तंबाखूच आहे.

मात्र टॉन्सिल आणि आरशात न दिसणारा जिभेचा मागचा भाग येथील कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, विशेषतः त्याचा प्रकार 16, असू शकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही हाच विषाणू कारणीभूत असतो. घशात तो मुख्यतः मुखमैथुनातून पोहोचतो. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या पेशींत मात्र तो टिकतो आणि त्याची ई6 व ई7 ही प्रथिने पेशींच्या वाढीला आवर घालणारी पी53 व आरबी ही प्रथिने निकामी करतात. संसर्गापासून गाठ होईपर्यंत अनेकदा दशके लोटतात, म्हणून अशा निदानावरून जोडीदाराच्या आजच्या निष्ठेवर शंका घेणे अन्यायाचे आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

कर्करोगामागे हा विषाणू आहे का, याचा अंदाज बायोप्सीच्या अहवालातून येतो: टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी असलेल्या कर्करोगात ‘पी16 पॉझिटिव्ह’ (पी16 हे या विषाणूमुळे पेशींत वाढणारे प्रथिन) अशी नोंद असेल, तर विषाणूचा संबंध असण्याची शक्यता बळावते. अनेकांना पहिली खूण दाढी करताना बोटांना लागते, ती म्हणजे मानेच्या बाजूची न दुखणारी गाठ. ती तीन आठवड्यांत विरली नाही, तर व्यसन असो वा नसो, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावी.